जुलुमाचीं नांवें

डहाणूचें नांव निघालें, कीं शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें चिकूच्या बागा उभ्या राहतात, शांत समुद्रकिनारा येतो, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यांत गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनीं काढलेलें वारली चित्र येतें. त्याच डहाणूच्या आणि शेजारच्या तलासरीच्या रानांत एक शब्द पिढ्यान् पिढ्या राबत होता. तो मराठींत आहे, गुजरातींत आहे, तेलुगु-कानडींत आहे; आणि त्याचा संस्कृत पूर्वज सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं शिळेवर कोरला गेला आहे. तो शब्द म्हणजे वेठ.

त्याच्याकडे वळण्यापूर्वीं त्याच्या प्रतिष्ठित भावंडांची थोडी विचारपूस केली पाहिजे. जुलुमाला नांव देतांना निरनिराळ्या भाषांनीं निरनिराळीं चित्रें पाहिलेलीं आहेत. लॅटिन भाषेंत ‘दाबणें’ या अर्थाचा जो धातु आहे, त्यापासून इंग्रजींतील ‘ऑप्रेशन’ आला. संस्कृतांतील ‘पीड्’ धातूचा मूळ अर्थहि दाबणें, पिळणें असाच. आणि मराठीनें दडपण्यावरून ‘दडपशाही’ घडविली. तीन भाषांना छातीवरचें ओझेंच आधीं आठवलें. अरबीचा विचार वेगळा. ‘जुल्म’ या शब्दाची व्याख्या अरबी कोशकारांनीं केली ती अशी, कीं वस्तु जेथें असावयाची तेथें न ठेवतां भलत्याच जागीं ठेवणें म्हणजे जुल्म. अंधाराला त्या भाषेंत जो शब्द आहे त्याचींहि मूळ अक्षरें तींच. ग्रीकांचा ‘तिरान्नोस’, ज्याच्यापासून इंग्रजींतला ‘टायरंट’ निघाला, तो मात्र आरंभीं दुष्ट नव्हता. वारसाहक्कावांचून सत्ता बळकावणारा, एवढाच त्याचा अर्थ. पुढें त्याच्या वागणुकीनें त्याचें नांव खराब झालें.

मराठीच्या ‘छळ’ शब्दाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. संस्कृतांत ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. मराठींत येतां येतां त्याचा अर्थ यातना असा झाला. वैयाकरणांना हें अर्थांतर चमत्कारिक वाटतें. पण ज्यानें सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठविला आणि नंतर जन्मभर तो फेडला, त्याला तें मुळींच चमत्कारिक वाटणार नाहीं. आधीं छल, मग छळ, हाच त्याचा अनुभव.

हे सारे शब्द खरे. परंतु ते बहुधा पाहणाऱ्यानें दिलेले आहेत. ज्याच्या अंगावर ओझें आहे, तो त्याला क्वचितच इतक्या भारदस्त नांवानें हांक मारतो. डहाणू-तलासरीकडचे शब्द पाहावे. पावसाळ्यांत घरांत दाणा उरला नाहीं, म्हणजे वारली सावकाराकडून भात उचली आणि पीक आल्यावर वाढीसह परत करी. तिचें नांव ‘खावटी’. लेकराच्या खाऊइतकें निरुपद्रवी. लग्नाच्या खर्चासाठीं कर्ज घेणारा तरुण त्या कर्जापायीं सावकाराच्या घरीं आणि शेतांत बांधला जाई. त्याची बायकोहि त्याच्याबरोबर बांधली जाई. कर्ज मात्र फिटत नसे. त्याला म्हणत ‘लग्नगडी’. लग्न हा शब्द मंगल. गडी म्हणजे नोकर, पण खेळांतला सोबतीहि गडीच! दोन्ही शब्दांत क्रौर्याचें एक अक्षर नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील या लग्नगड्यांची स्थिति सायमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्यानें मुंबई सरकारला सादर केलेल्या, १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत आली आहे. तेथें इंग्रजींत तिला गुलामगिरीच्या जवळ नेणारा शब्द मिळाला. रानांत ती ‘रीत’ होती.

‘वेठ’ या सर्वांत जुना. संस्कृत ‘विष्टि’ पासून प्राकृतांतून तो आला. विष्टि म्हणजे मोबदला न देतां घेतलेलें सक्तीचें काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ती राजाच्या साधनांपैकीं एक म्हणून येते. जुनागडच्या शिळेवर इ. स. १५० च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामन् याचा लेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण पुन्हा बांधला, आणि तो बांधतांना नगरांतील व खेड्यांतील लोकांना कर, विष्टि आणि प्रणय यांनीं पीडा दिली नाहीं, असें तो अभिमानानें सांगतो. हा ‘प्रणय’ वाचून श्रोत्यांना नवल वाटेल. राजानें अडचणीच्या वेळीं प्रजेकडून ‘प्रेमानें’ उकळलेली रक्कम, हा तेथें प्रणयाचा अर्थ आहे! लग्नगड्याची वंशावळ अशी फार दूरवर जाते. आणि न केलेल्या गोष्टीचा अभिमान राजा शिळेवर कोरतो, त्यावरून ती गोष्ट इतर राजे सर्रास करीत असले पाहिजेत, हें उघड आहे.

या विष्टीचीं लेकरें देशभर पसरलीं. गुजरातींत वेठच. तेलुगूंत ‘वेट्टी’, तेलंगणांत १९४६ पासून जें शेतकऱ्यांचें बंड झालें तें याच वेट्टीविरुद्ध. कानडींत ‘बिट्टी’, आणि त्याचा अर्थ आतां नुसता ‘फुकट’ असाहि होतो. मराठींत तिला फारसींतून आलेली ‘बिगार’ येऊन मिळाली आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द झाला. एक अर्धा संस्कृतांतला, एक अर्धा फारसींतला. राज्यें बदललीं, ओझें तेंच राहिलें. डहाणूवर पोर्तुगीजांचा अंमल होता, १७३९ सालीं मराठे आले, १८१७-१८ नंतर इंग्रज आले.

परदेशांतहि या कामाला नांवें होतींच. फ्रेंच ‘कॉर्वे’ हा शब्द मूळच्या लॅटिनांत ‘विनंती केलेलें काम’ अशा अर्थाचा आहे; विनंती कशी असे, तें सांगणें नको. चेक भाषेंत कुळानें जमीनदाराकडे करावयाच्या सक्तीच्या कामाला ‘रोबोता’ म्हणत. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत ती १८४८ सालीं बंद झाली. पुढें १९२० सालीं कारेल चापेक यानें एका नाटकांत माणसासारख्या कृत्रिम कामगारांना त्याच शब्दावरून ‘रोबो’ हें नांव दिलें. आज घरोघरीं मुलें ज्या शब्दाशीं खेळतात, तो वेठीचाच चुलतभाऊ आहे.

आतां झरीकडे येऊं. हें गांव आज तलासरी तालुक्यांत आहे. त्या काळीं तें उंबरगांव तालुक्यांत होतें. १९६० सालीं राज्यें वेगळीं झालीं तेव्हां उंबरगांव गुजरातेंत गेलें आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रांत राहिला. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली. तिला झरीचे माह्या धांगडा आणि त्यांच्याबरोबर थोडे वारली गेले होते. तेथून परतल्यावर त्याच वर्षीं २३ मे रोजीं झरीला सभा भरली. सुमारें पांच हजार आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हें दांपत्य त्यांच्यामध्यें होतें. ठराव साधे होते: वेठ करावयाची नाहीं, जमीनदाराच्या शेतावर काम करावयाचें तें रोजचे रोख बारा आणे घेऊनच, कोणी मारहाण केली तर सर्वांनीं मिळून तोंड द्यावयाचें.

सक्तीनें काम घेणें हा गुन्हा आहे, असें १८६० च्या दंडसंहितेंतील ३७४ व्या कलमानें केव्हांच सांगून ठेवलें होतें. शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणजे कायदा पंचाऐशीं वर्षांचा म्हातारा झाला होता. परंतु कलमांतला गुन्हा आणि रानांतली वेठ ही एकच गोष्ट आहे, असें त्या रानांत कोणी मोठ्यानें म्हटलें नव्हतें. झरीच्या सभेपूर्वीं वेठ हें एका कामाचें नांव होतें, जसें पेरणी किंवा कापणी. सभा उठली तेव्हां तें अन्यायाचें नांव झालें होतें. शब्दांनीं बेड्या तुटतात असें समजणें भाबडेपणाचें होईल. त्या तोडण्यासाठीं माणसें घरोघर फिरलीं, लग्नगड्यांना सावकारांच्या वाड्यांतून बाहेर काढलें गेलें, संप करावे लागले. परंतु काय तोडावयाचें हें आधीं ठाऊक व्हावें लागतें.

त्याची किंमतहि पडली. गवतकापणीचा हंगाम आला. पांचशें रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मिळावे, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला आणि पांच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनीं ही सारी हकीकत ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली. १९७० सालीं तें प्रसिद्ध झालें आणि १९७२ सालीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डहाणू-तलासरीचा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो.

शहरांतील मराठीनें या शब्दाचें जें केलें तें मोठें गमतीचें आहे. मन न लावतां केलेल्या कामाला ‘वेठ वळणें’ म्हणतात. फुकट राबणाऱ्यानें काम मन लावून करावें, अशी अपेक्षा त्या वाक्प्रचारामागें असावी. आणि कामगारांनीं मजुरीसाठीं संप केला, कीं वर्तमानपत्रें लिहितात, ‘जनतेस वेठीस धरलें’. वेठीस धरलें जाणाऱ्यांचा शब्द त्यांच्याच हातून काढून त्यांच्याविरुद्ध फिरविण्याचें हें कसब खरोखरच पाहण्यासारखें आहे.

राज्यघटना लिहिणारांनीं मात्र या घराण्यांतला एक शब्द जपून ठेवला. १९५० सालीं अमलांत आलेल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें बेगार निषिद्ध ठरविली, आणि इंग्रजी मसुद्यांतहि त्यांना इंग्रजी शब्द पुरा पडला नाहीं. ‘बेगार’ हाच शब्द तेथें आहे. १९७६ सालीं वेठबिगार पद्धति रद्द करणारा कायदा झाला. पुढें १९८२ सालीं, दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत, बेगार कशाला म्हणावें हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. मजुरी दिली असली तरी ती किमान वेतनाहून कमी असेल, तर तें काम या अनुच्छेदाच्या अर्थानें सक्तीचेंच काम होय, असा निर्णय न्यायालयानें दिला. झरीला जमलेल्यांनीं बारा आण्यांची रेघ ओढली होती, ती नेमकी याच जागीं.