परमुलुखातले पहिले दिवस



हिवरखेडचा मुलगा नोकरीसाठी रियाधला निघाला की आपण म्हणतो, मुसलमानांचाच मुलुख, अडचण कसली? पण पहिले नवेपण त्याला मशिदीतच भेटते. अस्रची अजान आपल्या हनफी वेळेच्या बरीच आधी होते. फातिहानंतर सारी जमात मोठ्याने 'आमीन' म्हणते. ईदही बहुधा आपल्या एक दिवस आधी. गोंधळू नका, इमामामागे उभे राहा. भाकरीऐवजी खुबूस, हेही हळूहळू अंगवळणी पडते.

खरी अडचण कागदांची. बाजारात उर्दूवर भागते. करारपत्र मात्र अरबीत, फार तर सोबत इंग्रजीत. ते स्वतः वाचता आले पाहिजे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टला सहसा 'ईसीआर' शेरा लागतो आणि सौदीत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यातली ही अट मजुराच्या रक्षणासाठीच आहे. ती चुकवून 'व्हिजिट व्हिसावर पाठवतो' म्हणणारा एजंट दारात आला, तर पालकहो, त्याला चहासुद्धा विचारू नका! त्या व्हिसावर काम करणे बेकायदा. मजुरी बुडाली तर मुलाने तक्रार कोणत्या तोंडाने करायची? इकामा, म्हणजे वास्तव्याचा परवाना, नसलेला माणूस रस्त्याने चालतानाही भितो.

करार आणि पासपोर्टची एकेक नक्कल घरी ठेवा. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. इशानंतर त्याचा फोन येईल तेव्हा आपल्याकडे गाव झोपलेले असेल. आईला तेवढे जागे राहावे लागेल.