हवेचे वावडे असलेले जंतू
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकशास्त्रात माझा काडीचाही अधिकार नाही. परंतु घरातल्या एका दुखण्याने जे शिकविले, ते ताईच्या अनुमतीने येथे सांगतो.

माझ्या मेहुण्यांना ताप आणि खोकला जडला. क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसात पोकळी दिसली. राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ साली स्थापन झाली ती आपल्या याच बंगळूर नगरीत; तेव्हा खोकला म्हणजे क्षय हे समीकरण आपल्याकडे अंगवळणी पडले असल्यास नवल नाही. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी दोन महिने क्षयाचीच औषधे चालली. पुढे फुप्फुसाच्या आवरणात पू झाला. तो सुईने काढताच खोलीभर असह्य दुर्गंधी पसरली. तेथील वृद्ध डॉक्टरांनी मेहुण्यांना तोंड उघडावयास सांगितले. दाढा किडलेल्या, हिरड्या सुजलेल्या!

काही जंतू प्राणवायूवाचून जगतात, हे लुई पाश्चरने १८६१ साली दाखविले. हिरड्यांच्या खाचांत अशाच जंतूंची दाट वस्ती असते. झोपेत थोडी लाळ निरोगी माणसाच्याही श्वासमार्गात उतरते. खोकल्याने ती बाहेर पडते. मात्र अपस्माराने, भुलीने वा मद्याने शुद्ध हरपली की हा पहारा उठतो. उजवी श्वासनलिका अधिक रुंद व सरळ असल्याने घाण बहुधा तिकडेच जाते. अमेरिकेतील डेव्हिड स्मिथ यांनी १९२० च्या दशकात हिरड्यांजवळचा मळ प्राण्यांच्या श्वासनलिकेत घालून फुप्फुसात गळू उत्पन्न केले होते.

हे जंतू तपासणीतही हुलकावणी देतात. पू उघड्या बाटलीत पाठविला तर हवेनेच ते मरतात, आणि अहवाल येतो, ‘जंतूंची वाढ नाही’. पिचकारीतली हवा काढून, तोंड बंद करून, पू तातडीने प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. थुंकीचा येथे उपयोग नाही. तोंडातले जंतू तिच्यात मिसळणारच.

बरगड्यांमधून नळी घालून पू वाहू दिला, कित्येक आठवडे प्रतिजैविके दिली. मेहुणे बरे झाले. दाढा मागाहून काढल्या.

एक गोष्ट उरली. पहिल्याच डॉक्टरांनी मद्याविषयी विचारले होते. मेहुणे गप्प राहिले. मला सारे ठाऊक होते, तरी घराण्याच्या इभ्रतीपायी मीच ‘छे, छे’ म्हणालो. दोन महिन्यांनंतर, त्या वृद्ध डॉक्टरांना दाराआड गाठून खरे काय ते सांगितले, ते ताईने.