वापरकर्त्यांची निर्देशिका : एक नमुना

(हजीरा येथील मराठीभाषक कर्मचाऱ्यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसईच्या समुद्रातील वायू नळाने येथे हजीऱ्याच्या किनाऱ्यावर येतो, शुद्ध होतो आणि विजयपूर-जगदीशपूरच्या वाहिनीने पुढे जातो. त्या वाटेवरील प्रत्येक खत कारखान्याने समुद्रात आपापली विहीर खणलेली नाही. कार्यालयांतील संगणकांवर मात्र आपण अशा स्वतंत्र विहिरी खणून बसलो आहोत. वेतनाच्या प्रणालीत वापरकर्त्यांची एक यादी, भांडाराच्या प्रणालीत दुसरी, टपालाच्या नोंदीत तिसरी. कर्मचारी बदलून गेला की एका यादीतून त्याचे नाव निघते आणि इतर दोहोंत राहून जाते. ज्याचे प्रवेशपत्र फाटकावर जमा झाले, त्याला संगणकाचे दार महिनोन्‌महिने उघडे राहावे, हे कोणत्याही कार्यालयास परवडणारे नाही.

यावर उपाय एका सामाईक निर्देशिकेचा. १९८८ चे एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक फार अवजड होते. त्याची सुटसुटीत वाट म्हणून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ‘एलडॅप’ ही पद्धती आकारास आली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची ओळख करून घेण्यास एक लहानसा नमुना वेब अनुप्रयोग पुरेसा आहे. ओपनएलडॅपसारखी विनामूल्य आज्ञावली घ्यावी. शिखरावर संस्था, तिच्याखाली ‘व्यक्ती’ व ‘गट’ या दोन शाखा मांडाव्यात. नावे चार-पाचच, आणि तीही काल्पनिक असावीत. खऱ्या सहकाऱ्यांची माहिती प्रयोगास वापरू नये. ओळखीची खूण म्हणून कर्मचारी क्रमांक घ्यावा, कारण ‘चौधरी’ हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवावे. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यास अडचण नाही.

अनुप्रयोगाने परवलीचा शब्द स्वतःजवळ साठवू नये. त्याने क्रमांकावरून नोंद शोधावी, तो शब्द निर्देशिकेपुढे ठेवावा आणि तिचा होकार वा नकार पाळावा. येथे एक खाच आहे. शब्दाची जागा रिकामी ठेवली असता काही निर्देशिका त्यास अनामिक भेट समजून होकार देतात! तेव्हा रिकामा शब्द अनुप्रयोगानेच आधी परतवावा. तसेच ३८९ क्रमांकाच्या द्वारावर, वेगळी तजवीज न केल्यास, परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो. त्यासाठी संकेतबद्ध मार्ग वा ६३६ क्रमांकाचे द्वार वापरावे.

गटांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण अधिकार तेथून मिळतात. व्यक्तीची नोंद काढली तरी गटातील तिचे नाव आपोआप निघेलच असे नाही; ती सोय निर्देशिकेत मुद्दाम चालू करावी लागते. बदलीवर गेलेल्याची नोंद पुसण्यापेक्षा ती निष्क्रिय करणे अधिक इष्ट, असे माझे मत आहे, कारण पुढे चौकशीत तिची गरज पडते.

नमुना तयार झाल्यावर एका काल्पनिक कर्मचाऱ्यास आत येऊ द्यावे, आणि तो काम करीत असतानाच त्याची नोंद निष्क्रिय करावी. पुष्कळ अनुप्रयोगांत तो पुढेही काम करीतच राहतो, कारण तपासणी केवळ प्रवेशाच्या वेळी होते. ती मधूनमधून पुन्हा करण्याची व्यवस्था करावी, आणि मगच वेतनाची खरी प्रणाली निर्देशिकेस जोडावी.