राखणदाराचं दुखणं

गटाच्या बैठकीत आपण बोलतो ते हप्त्याबद्दल, शेळीच्या विम्याबद्दल, बँकेच्या फेऱ्यांबद्दल. आज आम्ही कुत्र्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या एका गटातल्या ताईंच्या कुत्र्याला रक्ताचा कॅन्सर झालाय. डॉक्टर त्याला ल्युकेमिया म्हणतात. गेले पाच महिने जिथं जाऊ तिथं बाया आम्हाला त्याच्याबद्दलच विचारतात. लागण होते का? शेळ्यांना होईल का? गटानं कुत्र्याला कर्ज दिलं हे खरं का? म्हटलं, एकदा रेडिओवरूनच सगळं सांगून टाकावं.

कुत्र्याचं नाव मोत्या, वय नऊ-दहा वर्षं. ताईंचं घर वस्तीवर, गावापासून दीड किलोमीटर. मुलगा पुण्याला कामाला, घरात ताई, त्यांच्या सासूबाई आणि चौदा शेळ्या. रात्री शेळ्यांच्या वाघुरीपाशी मोत्या झोपतो, म्हणून या दोघी घरात झोपू शकतात. हे एवढ्यासाठी सांगतोय, की ‘कुत्र्याचे लाड’ असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी ते घर बघावं.

पावसाळा संपता संपता मोत्याचं खाणं कमी झालं. बरगड्या दिसू लागल्या, गळ्याखाली गाठी लागू लागल्या, दिवसभर सावलीला पडून राहायचा. वस्तीवरची माणसं म्हणाली, पिसाळला असेल, लांब सोडून या. मैत्रिणींनो, ज्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नाही आणि ज्याचं वागणं अचानक बदललंय, त्याच्या तोंडात हात घालू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, हे अगदी खरं. पण मोत्याला दर वर्षी लस टोचलेली होती, कार्ड घरात होतं. आणि आजारी जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. ताईंनी १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन लावला, चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला टेम्पोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी ओठ उचलून हिरड्या बघितल्या. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटानं दाबलं की पांढऱ्या होतात आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी. मोत्याच्या मुळातच फिक्या होत्या. मग रक्त घेतलं. कुत्र्याच्या रक्ताच्या एका थेंबाहूनही लहान अशा मापात पांढऱ्या पेशी साधारण ६,००० ते १७,००० असतात. मोत्याच्या ८०,००० च्या वर निघाल्या.

तरी डॉक्टर लगेच कॅन्सर म्हणाले नाहीत, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप फार. त्यातही कुत्रा खात नाही, हिरड्या फिक्या पडतात, गाठी सुजतात, रक्तातल्या पेशींचा हिशेब बिघडतो. म्हणून आधी गोचीडतापाचं औषध महिनाभर दिलं आणि पुन्हा रक्त तपासलं. पेशी उतरल्या नाहीत. मग नमुना पशुवैद्यक महाविद्यालयात गेला. आपल्या राज्यात अशी महाविद्यालयं मुंबईत परळला, शिरवळला, नागपूरला, परभणीला आणि उदगीरला आहेत. तालुक्याला न उलगडणारं दुखणं तिथं दाखवता येतं.

या आजाराचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक झपाट्यानं वाढतो, त्यात कुत्रा काही आठवडे, फार तर काही महिने काढतो. दुसरा संथ. तो बहुधा वयस्क कुत्र्यांना होतो आणि औषधावर कुत्रा वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, बऱ्यापैकी जगतो. मोत्याचा संथ निघाला. बरा होणार नाही, पण आवाक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. तो माणसाला लागत नाही, शेळीला लागत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही लागत नाही. एका ताटलीत खाल्लं तरी नाही.

आता कर्जाचं. ताईंनी बैठकीत चार हजार मागितले. अकरा जणींची बैठक, एरवी तासात उरकते, त्या दिवशी दिवेलागण झाली. एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, “आमच्या मालकांच्या कॅन्सरला एक एकर गेलं, तेव्हा गट नव्हता. आता कुत्र्याला पैसे द्यायचे?” कुणी काहीच बोललं नाही. काय बोलणार? माणसाच्या कॅन्सरला आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तरी आहे, तेव्हा त्यांच्या हाताशी काही नव्हतं. त्यांचं दुःख खोटं नाही. ताईंनी एवढंच सांगितलं, की मोत्या नसेल तर रात्री शेळ्यांपाशी मला बसावं लागेल, आणि मी बसले तर सकाळी खुरपायला कोण जाईल? शेवटी नऊ जणी हो म्हणाल्या, काकूंचा विरोध इतिवृत्तात लिहिला, आणि अट घातली: चार हजारांच्या वर नाही, हे फिटल्याशिवाय याच कारणासाठी दुसरं नाही. आमच्या मते ठराव योग्य झाला. काकू अजूनही म्हणतात, चुकलात.

औषध दोन प्रकारचं आहे. एक प्रेडनिसोलोन. ती गोळी खाण्याबरोबर द्यायची. ती सुरू झाली आणि मोत्या बादलीभर पाणी प्यायला लागला, सारखा मुतायला लागला, आणि भूक तर अशी की सासूबाई म्हणाल्या, याला भस्म्या झाला. तो त्या गोळीचाच गुण. पाणी तोडायचं नाही. आणि कुत्रा हिंडाफिरायला लागला म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. अंगाला तिची सवय लागलेली असते, अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू.

दुसरी क्लोरॅम्ब्युसिल. ही कॅन्सरची गोळी, माणसांच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळते, फ्रीजमध्ये ठेवावी लागते. ताईंकडे फ्रीज नाही, म्हणून शेजारच्या घरी झाकणाच्या डब्यात ठेवलीय, डब्याला लाल चिंधी बांधून. ही गोळी तोडायची नाही, कुटायची नाही. हातमोजा घालून अख्खी उकडलेल्या अंड्यात दडवायची आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, थुंकण्यात कुत्री हुशार असतात. गरोदर बाईनं किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं या गोळीला हात लावू नये. मोत्याचा मूत आणि शेणही गोळी दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस हातमोजा घालूनच काढावं. ताईंची गरोदर भाची माहेरपणाला आली, तेव्हा हे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं.

खाण्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथं घोटाळा आपल्याच चुलीपाशी होतो. आपण कुत्र्याला काय घालतो? उरलेली भाकरी, वर उरलेलं कालवण. कालवणात कांदा-लसूण. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. धडधाकट कुत्र्यालाही ते बरे नाहीत. ज्याचं रक्त आधीच आटलंय त्याला तर विषच. जंत पडतात म्हणून लसणाच्या पाकळ्या चारणाऱ्या बायाही आम्हाला ठाऊक आहेत. जंताची गोळी दवाखान्यात मिळते, ती द्या. मोत्याला आता भाकरीचा कुस्करा, उकडलेलं अंडं, कधी बिनतिखट-बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस मिळतं. कच्चं मांस नाही. औषधानं त्याची ताकद कमी झालेली असते आणि कच्च्यातले जंतू त्याला पेलत नाहीत.

अजून एक. तो कण्हतो म्हणून आपल्या डब्यातली अंगदुखीची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करू शकतात, आणि प्रेडनिसोलोन चालू असताना तर हमखास धोका. पॅरासिटामॉलही मनानं देऊ नका.

रोजचं बघणं ताईंच्या नातीनं अंगावर घेतलंय. ती दिवाळीपासून आजीकडेच शिकायला आहे, सातवीत. कॅलेंडरवर ती लिहिते: खाल्लं का, हिरड्यांचा रंग, पोटावर किंवा हिरड्यांवर लाल ठिपके आहेत का. झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजते, तिसाच्या आत हवेत. ताप साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर गेला की डॉक्टरांना फोन. ताई कामावर जातात त्या दिवशी गटातल्या दोघी पाळीनं गोळी द्यायला येतात. काकू येत नाहीत, पण त्यांच्याकडून अंडी येतात. विकत, बरं का, उधार नाही.

डॉक्टरांनी पुढचंही सांगून ठेवलंय. खाणं कायमचं सुटलं, उठता येईना, श्वास लागायला लागला, तर त्याला त्रास न होता झोपवण्याचं इंजेक्शन असतं, ते दवाखान्यातच द्यायचं. सासूबाईंना ते पटत नाही. ताईंना पटतं. त्यावर घरात अजून बोलणं चालू आहे, आणि ते घरातच ठरेल. पुरायची वेळ आली तर खड्डा खोल, विहिरीपासून लांब, एवढं ठरलंय.

सध्या मोत्याच्या पेशी ८०,००० वरून २६,००० वर आल्यात. रात्री तो वाघुरीपाशी असतो, भुंकणं मात्र पहिल्यासारखं नाही. कर्जाचे तीन हप्ते फिटले. ताईंनी त्याच्या जोडीला बहिणीकडून एक पिल्लू आणलंय. त्याच्या लशी व्हायच्या आहेत, जंताची दुसरी गोळी द्यायचीय, म्हणून ते अजून शेजारच्या दारात बांधलेलं असतं. लशी पुऱ्या झाल्या की डॉक्टरांना विचारून मोत्याजवळ आणायचं.