छातीचा सीटी आणि चिठ्ठीवरचा रिकामा रकाना

समोर डॉक्टर मंडळी बरीच दिसताहेत, तेव्हा सीटी शोधणारे हाउन्सफिल्ड, १९७१ मधला पहिला स्कॅन, १९७९ चे नोबेल हे सारे ठाऊक आहे असे धरून पुढे जातो. माझे म्हणणे एवढेच : सीटी फुप्फुसातला बिघाड कसा आणि कुठे आहे ते दाखवतो, पण तो कशामुळे झाला हे बहुतेक वेळा रुग्णाला विचारल्याशिवाय ठरत नाही. ‘ग्राउंड ग्लास’ घ्या. यात फुप्फुसाचा काही भाग धुरकट पांढरा दिसतो, तरी आतल्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. हे कोविडमध्ये दिसते, हृदय थकून फुप्फुसात पाणी साचले तरी दिसते, आत रक्तस्राव झाला तरी दिसते. २०२१ च्या लाटेत घरोघरी एकच प्रश्न होता, ‘स्कोअर किती?’ पाच लोब, प्रत्येकी पाच गुण, एकूण पंचवीस. (हसताय, पण तुमच्यापैकी अनेकांनी तो गुणपत्रिकेसारखा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला असेल!) फुप्फुस किती बाधित, एवढेच तो आकडा सांगे. कोणी म्हणेल, निदान तर बरोबर यायचे ना? यायचे, कारण त्या दिवसांत ताप-खोकला असणाऱ्याला कोविड असण्याची शक्यताच मुळात मोठी होती. साथ ओसरल्यावर त्याच चित्राचा अर्थ बदलला.

रेडिओलॉजिस्ट मंडळींनी रागावू नये. चित्राच्या ठेवणीत माहिती भरपूर असते. वरच्या भागात पोकळी आणि बारीक श्वासनलिकांच्या टोकांना कळ्यांसारखे ठिपके दिसले की आपल्याकडे आधी क्षयाचाच संशय येतो, आणि तो यावाच. पण श्वासातून आत जाणाऱ्या कणांच्या अ‍ॅलर्जीने होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस पाहा. धुरकट भागांच्या शेजारी काही भाग काळे दिसतात आणि श्वास सोडून काढलेल्या स्कॅनमध्येही काळेच राहतात, कारण तिथे हवा अडकलेली असते. हे ओळखले तरी ती अ‍ॅलर्जी कशाची, हे यंत्राला कसे कळणार? भारतातल्या २७ केंद्रांतील १,०८४ आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ निम्म्यांना हाच आजार होता आणि संशयितांत एअर कूलर ठळक होता. दुसरा संशयित कबुतरे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कबुतरांना दाणे घालणे थांबवण्यासाठी मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, मग फाटली, मग कोर्ट, मोर्चे... कुजबुज ऐकू येते आहे, सभागृहात दोन्ही पक्ष आहेत! जीवदयेचा मान राखूनही विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करतात, हे खोटे ठरत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, म्हणून एकाच आक्षेपाला उत्तर देतो : आधी रुग्णाची माहिती दिली तर वाचणाऱ्याचे मत कलुषित होते. होऊ शकते. त्यावर उपाय आहे : चित्र आधी कोरे वाचावे, मग माहिती हाती घेऊन पुन्हा वाचावे. माहितीच नसेल तर दुसरे वाचन होणार कसे? तेव्हा डॉक्टरहो, चिठ्ठीवर नुसते ‘एचआरसीटी चेस्ट’ लिहून पाठवू नका; ताप किती दिवस, काम कोणते, औषधे कोणती, घरात कूलर आणि खिडकीत कबुतरे आहेत का, हे लिहा. आणि चिठ्ठीवरचा माहितीचा रकाना रिकामाच असेल, तर रुग्णांनी हे सारे स्कॅनच्या टेबलावर चढण्याआधी स्वतःहून सांगावे.