सैन्य पाठवून बायकांना हक्क मिळतात का?

आमच्या बचत गटांच्या मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की गप्पा कुठेही जातात. या वेळी त्या अफगाणिस्तानात गेल्या. तिथे मुलींना सहावीनंतर शाळा बंद. डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. "मग कुणी सैन्य पाठवून त्यांना सोडवत का नाही?" एकीने विचारलं.

पाठवलं होतं की! अमेरिकेने ७ ऑक्टोबर २००१ ला तिथे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. कारण होतं ११ सप्टेंबरचा हल्ला. बायकांचे हक्क पुढे आले ते नंतर. १७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून सांगितलं, की ही लढाई स्त्रियांच्या हक्कांसाठीही आहे. मुली शाळेत गेल्या, काही जणी खासदार झाल्या, हे खरंच. पण १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये परतलं आणि त्यातलं बहुतेक सगळं गेलं. 'रावा' ही अफगाण बायकांचीच संघटना. ती तालिबानच्याही विरोधात होती आणि बॉम्बच्याही. तिचं कुणी ऐकलं?

तरी सैन्य कधीच जाऊ नये, असं आम्ही म्हणणार नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात कत्तली, बलात्कार चालले होते. सुमारे एक कोटी माणसं जीव घेऊन भारतात आली. तिथल्या लोकांनी १९७० च्या निवडणुकीत आपला कौल दिलेला होता, मुक्तिवाहिनी स्वतः लढत होती. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य माघारी फिरलं. भारताचा त्यात फायदा नव्हता का? होताच. पण लढाई तिथल्या लोकांची होती, आणि काम झाल्यावर आपण तिथे ठाण मांडलं नाही.

गटातली एखादी मार खात असेल तर आपणही तिच्या दारात जातोच ना! पण आधी तिला विचारतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. तिला सोडवायला तिचंच घर पेटवत नाही.

काबूलमध्ये ८ मार्च २०२१ ला बायकांनी 'रेडिओ बेगम' सुरू केला. शाळा बंद झाल्यावर त्यावरून मुलींचे धडे ऐकवले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालिबानने तो बंद पाडला, मग त्याच महिन्यात पुन्हा परवानगी दिली. पुढच्या बैठकीत आम्ही त्याचीच माहिती सांगणार आहोत.