आनंदीबाईंचे सहा प्रश्न



फेब्रुवारी १८८३ मधील गोष्ट. बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात एक महाराष्ट्रीय विवाहिता इंग्रजीतून भाषण करण्यास उभी राहिली. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यास तिला अद्याप महिनाभर अवकाश होता. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ती एकटी अमेरिकेस निघाली होती. ही आनंदीबाई जोशी. माहेरचे नाव यमुना.

आनंदीबाईंचे चरित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. काशीबाई कानिटकरांनी ते लिहिले, पुढे श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ते घरोघरी पोहोचविले. परंतु पहिली महिला डॉक्टर असा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होते. ही मुलगी निर्भय म्हणून जन्माला आली नव्हती. किंबहुना भय हाच तिच्या बालपणाचा नित्याचा सोबती होता.

नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस. पत्नीस शिकविण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता आणि त्या ध्यासाचा जाचही तितकाच विलक्षण होता. लहानपणी सोसलेल्या माराची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेहून पतीलाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत करून दिली. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या काही दिवसांत तो गेला. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, ही जाणीव त्या दुःखातून दृढ झाली. घराबाहेरही सुख नव्हते. कलकत्त्यास पतीबरोबर रस्त्याने चालताना लोक थांबून पाहत, हसत. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला परक्या नजरांचा हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही.

अशा परिस्थितीत माणूस भयाला दडपून टाकतो किंवा त्याला शरण जातो. आनंदीबाईंनी तिसरा मार्ग धरला. लोक जे कुजबुजत होते आणि मनालाही जे पोखरत असेल, त्याचे त्यांनी सहा प्रश्न केले व भर सभेत एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जावयाचे? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीनेच का? परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर? परदेशात संकट ओढवले तर? आणि कोणत्याही स्त्रीने आजवर जे केले नाही, ते आपणच का करावे?

उत्तरांत आवेश कमी आणि विचार अधिक होता. पती सोबत का येत नाहीत, या प्रश्नाला पैशाची अडचण आणि घरच्या माणसांचा भार हे साधे, खरे उत्तर त्यांनी दिले. ते सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बहिष्काराच्या प्रश्नावर, आपला वेश, आहार व आचार तेथेही पाळू आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले. अस्पष्ट भय अफाट वाटते; त्याचा नेमका प्रश्न केला की त्याला सीमा पडते.

एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. प्रकृती मुळातच नाजूक, त्यात थंडी आणि परका आहार. तरीही ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. ज्या पतीच्या धाकात बालपण गेले, त्याला पत्रांतून बरोबरीच्या नात्याने जाब विचारणारी आनंदीबाईही याच वर्षांत घडली. तिच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास पदवीइतकाच या पत्रांतही दिसतो. शिक्षणाची पहिली सक्ती पतीची असेल. सहा प्रश्नांना उत्तर देण्याचे धैर्य तिचे स्वतःचे होते.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते काम करावयाचे राहूनच गेले. मग हे धैर्य वाया गेले काय? फळावरच धैर्याचे मोल ठरवायचे, तर होय म्हणावे लागेल. परंतु सहाव्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या आयुष्याने देऊन ठेवले. कोणत्याही स्त्रीने आजवर केले नाही, हे कारण त्यानंतर कोणत्याही मुलीला सांगता येईना.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात येणाऱ्या आजच्या तरुणांची भये निराळी आहेत. परीक्षेतील अपयश, नोकरीची अनिश्चितता, घर सोडून दूर जाणे, चारचौघांत बोलताना अडखळणे. ही भये क्षुल्लक नव्हेत आणि ‘भिऊ नकोस’ एवढ्या उपदेशाने ती जातही नाहीत. अशा वेळी शेजारच्या कपाटातून आनंदीबाईंचे चरित्र काढावे, एक कोरा कागद घ्यावा आणि आपले स्वतःचे सहा प्रश्न त्यावर लिहावेत. सर्वांची उत्तरे त्याच दिवशी सुचणार नाहीत. पण एखाद्याचे जरी सुचले, तरी पहिले पाऊल टाकण्यास तेवढे पुरेसे असते.